१ इस्पिकवर ४ बदाम, आणि काकांचा पास

बिनहुकमी (धागाकर्ता)

गेल्या गुरुवारची जखम अजून ओली आहे, म्हणून हा धागा.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका छापखान्याच्या वरच्या खोलीत आमचा ब्रिजचा अड्डा भरतो. पाच टेबलं लागली तर गर्दी म्हणायची. त्या दिवशी पाऊस असा की दर बोर्डानंतर (म्हणजे डावानंतर) कुणीतरी फोन काढून राजाराम बंधाऱ्याची पातळी वाचून दाखवत होतं. मी आणि काका समोरासमोर, एकाच जोडीत, नॉर्थ-साऊथ. काका नात्यातले नव्हेत, गल्लीतले. बँकेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण पत्ते अजून कॅश मोजल्यासारखे धरतात. दोन्ही जोड्या व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस मोठं आणि दंडही मोठा. काकांनी १ इस्पिकने सुरुवात केली, म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहाच्या वर एक, असे सात हात करायची बोली. माझा हात:

इस्पिक : राजा, गुलाम, ७, ४
बदाम : ५
चौकट : राजा, राणी, ९, ३
किलवर : एक्का, ८, ६, २

१३ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), चार हुकूम आणि बदामाचा एकटा पत्ता. पुस्तकात छापावा असा स्प्लिंटरचा हात, म्हणजे एकट्या पत्त्याचा रंग उडी मारून बोलायचा आणि पार्टनरच्या रंगाला पाठिंबा दाखवायचा. मी उडीच्या बोलीआधीचं स्टॉप कार्ड ठेवलं, ऐटीत ४ बदाम बोललो आणि पाठ टेकून बसलो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि पास केलं.

मग ते मलाच खेळावं लागलं. हुकूम बदाम. माझ्याकडे पंजी, डमीत, म्हणजे काकांच्या उघड्या मांडलेल्या पत्त्यांत, नव्वी, सत्ती आणि दुर्री. उरलेले नऊ बदाम समोरच्या दोघांत, आणि तेवढीच हसू.

काकांचा हात असा होता: इस्पिक एक्का, राणी, १०, ८, ३, बदाम ९, ७, २, चौकट एक्का, ६, किलवर राजा, ७, ४. दोघांचे मिळून २६ पॉइंट, आणि तरी इस्पिकात बारा हात सरळ होतात. बदामाचा एक हात द्यायचा, उरलेले दोन बदाम डमीत (तेव्हा डमी माझे पत्ते) कापायचे, किलवरचा तिसरा पत्ता चौकटाच्या राणीवर फेकायचा. हातातली पाच इस्पिकं, कापलेले दोन, तीन चौकट, दोन किलवर. झाले बारा. ६ इस्पिक, म्हणजे बारा हातांची बोली, स्लॅम, तिचे १४३०. बाकीच्या टेबलांवर ४ इस्पिक, म्हणजे नुसता गेम, बोलून बारा केले, त्यांना ६८०.

जिना उतरताना काका म्हणाले, "अरे, ४ बदाम म्हणालास म्हणजे तुझ्याकडे सात-आठ बदाम आहेत आणि तुला तिथेच थांबायचंय. इतकं स्वच्छ बोललास. आता म्हणतोस बदाम नव्हतेच!"

घरी येऊन आमचा सिस्टिमचा कागद काढला. त्यावर 'डबल जंप = स्प्लिंटर' एवढंच लिहिलेलं. काकांनी ते ४ किलवर आणि ४ चौकट यांच्यापुरतं धरलं होतं, मी सगळ्याला. दोघेही बरोबर, आणि तिथेच घोळ.

तर मंडळी, १ बदाम आणि १ इस्पिकवरचे सगळे जंप मी नव्याने बांधतोय. अट एकच: काकांना एका पानापेक्षा जास्त चालत नाही. पाठपोटही नाही.


दुर्री

किती डाऊन गेलास ते बरं सांगितलं न्हाईस भावा.


बिनहुकमी

तीन हात कमी. उणे तीनशे. दंड वाढवायला डबल केलं असतं तर काका पुन्हा बोलले असते, म्हणून कुणी डबलही केलं नाही. सज्जन माणसं.


मेंढीकोटवाली

मी फक्त मेंढीकोट, लाडीस आणि दिवाळीत तीन पत्ती. वाचायला मजा आली, पण मूळ मुद्दा डोक्यावरून गेला. ज्या रंगाचा एकच पत्ता हातात आहे तो रंग मुद्दाम बोलायचाच कशाला? त्यातून पुन्हा उडी मारून?


उतारी

ताई, प्रश्न मुळावरच आहे, जरा सविस्तर लिहितो.

ब्रिजमध्ये पार्टनरशी बोलायला ३५ बोल्या आणि पास, डबल, रीडबल, एवढे ३८ शब्द. त्यात सांगायचे काय, तर १३ पत्ते, जे ६३ हजार ५०१ कोटींहून जास्त तऱ्हांनी येऊ शकतात. शिवाय हे शब्द एका दिशेनेच जातात (किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो-ट्रंप म्हणजे बिनहुकमी, मग पुढचा आकडा), मागे यायचं नाही. १ इस्पिकवर ३ चौकट म्हणालात की मधल्या सात बोल्या जळाल्या. आता त्या तुम्हाला नाहीत, पार्टनरला नाहीत, विरोधकांनाही नाहीत.

म्हणून उडी मारायची तर बदल्यात काहीतरी नेमकं द्यावं लागतं. हळूहळू चढणारी बोली ढोबळ असली तरी चालते, पुढे बोलायला जागा आहे. उडीला ती सवलत नाही.

गोरेन या जुन्या ब्रिज-लेखकाच्या काळात १ इस्पिकवर ३ किलवर म्हणजे खरंच किलवर आणि भरभक्कम पॉइंट. ऐकायला दणदणीत. पण पार्टनरने बोली उघडल्यावर तुमच्याकडे तेवढे येणार कधी? आलेच तर मुळात तुम्हाला वेळ हवा, शांतपणे चौकशी करायला, आणि तुम्ही स्वतःच जागा जाळून बसलात. म्हणजे क्वचित येणाऱ्या हातासाठी सोन्यासारखी बोली अडवून ठेवली आणि आला तेव्हा ती अडचणीचीच ठरली. हे लक्षात आल्यावर लोकांनी या रिकाम्या पडणाऱ्या बोल्यांना दुसरे अर्थ द्यायला सुरुवात केली. त्याच कृत्रिम उड्या.

स्प्लिंटर त्यातलाच. डोरोथी हेडन, म्हणजे नंतरच्या ट्रस्कॉटबाई, आणि डेव्हिड क्लिफ यांच्या नावावर तो आहे, १९६३ च्या आसपासचा. एकटा पत्ता का सांगायचा, ते धागाकर्त्याच्या हातातच बघा. काकांकडे बदामाचे ९-७-२. त्या रंगात त्यांचा एकही पॉइंट वाया जात नाही. त्यांचे सगळे पॉइंट बाकीच्या तीन रंगांत, धागाकर्त्याच्या पॉइंटांच्या शेजारी. तेव्हा ४० पैकी २६ म्हणजे प्रत्यक्षात ३० पैकी २६. हे बोलीत कळलं तर स्लॅम, नाही कळलं तर गेम.


मेंढीकोटवाली

३० पैकी २६ वर ट्यूब पेटली. आता पुढे वाचते.


सांगलीकर

उतारी सरांच्या पोस्टला जोड म्हणून दुसरी बाजू. कृत्रिम बोली फक्त पार्टनरच ऐकत नाही.

मागे मिरजेच्या एका स्पर्धेत मी समोर बसलो होतो. १ इस्पिक, पास, ३ चौकट. मी विचारलं काय, तर उत्तर आलं, बर्गेन, चार इस्पिक, १० ते १२ पॉइंट, चौकटाशी काही संबंध नाही. माझ्याकडे चौकटाचे राजा-राणी-गुलाम-१० आणि बाकी सगळा कचरा. एरवी मी या हातावर तोंड उघडलं नसतं. आता ३ चौकट डबल, म्हणजे पार्टनरला 'चौकट उतार' असा इशारा, फुकटात, शून्य जोखमीवर. ४ इस्पिक झालं, माझ्या पार्टनरने निमूट चौकटाची दुर्री उतारली आणि तीन हात होण्याआधीच त्यांची पहाट झाली. डबल नसतं तर तो किलवर उतारणार होता, मी नंतर विचारलं.

तेव्हा कृत्रिम उडी बांधताना हेही बघा की कुठला रंग तुम्ही समोरच्याच्या तोंडी देताय. 'मी गेमला जातोय' असं जवळपास ठरलेलं असताना लांबचा वळसा घालून रंग बोलत सुटू नये. १ इस्पिक, ४ इस्पिक, संपला विषय. समोरचा चाचपडत उतारतो.


दुर्री

सांगलीकर म्हणजे हळदीच्या पेवात बसून डबल मारणार.


सांगलीकर

आणि कोल्हापूरकर नऊ-सात-दुर्रीवर बदाम खेळणार.


दुर्री

आत्ता बोललास. घेतलं.


बिनहुकमी

भांडा, पण धाग्यावर. आमचं सध्याचं बोल्यांचं पगारपत्रक असं: ३ किलवर म्हणजे चार हुकूम आणि ७ ते ९, ३ चौकट म्हणजे चार हुकूम आणि १० ते १२, हुकमाचीच तिसऱ्या पातळीची बोली म्हणजे चार हुकूम आणि काहीच नाही, ० ते ६, नुसता अडथळा. २ नो-ट्रंप म्हणजे जेकोबी, चार हुकूम आणि गेम पक्का. काकांना यातलं जेकोबी आवडतं, बर्गेन 'ठीक आहे'.

त्यांचा प्रश्न असा की तीन हुकूम आणि चार हुकूम यात एवढं काय आहे की चार-चार बोल्या त्यावर खर्च कराव्यात?


उतारी

काकांना आकडे दाखवा, बँकेतले आहेत.

पार्टनरच्या पाच इस्पिकांना तुमची तीन मिळाली तर आठ. बाहेर पाच. ती ३-२ पडण्याची शक्यता ६७.८ टक्के. म्हणजे तिनात एकदा ४-१ किंवा त्याहून वाईट. तुमची चार असतील तर नऊ, बाहेर चारच: २-२ पडतात ४०.७ टक्के वेळा, ३-१ पडतात ४९.७ टक्के वेळा. दोन्ही मिळून नव्वदच्या वर. हुकूम ताब्यात येतात, वर डमीत कापायला एक जास्त उरतो. एक पत्ता, पण हिशेब निराळा.

त्यातूनच फ्रान्सच्या ज्याँ-रेने व्हेर्न यांनी एकूण हातांचा आडाखा मांडला. दोन्ही बाजूंचे सगळ्यात लांब रंग मोजा, जेवढे हुकूम तेवढे साधारण एकूण हात. व्यवहारात त्याचा अर्थ: नऊ हुकूम असतील तर नऊ हातांपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पातळीपर्यंत, बेधडक जावं. मार्टी बर्गेन आणि त्यांचे तेव्हाचे पार्टनर लॅरी कोहेन यांनी हे अमेरिकेत रुजवलं. बर्गेनच्या उड्या याच पायावर उभ्या आहेत, म्हणून त्या तिसऱ्या पातळीवर आहेत आणि म्हणून चार हुकूम मागतात. तीन हुकमांवर त्या बोलणं म्हणजे पायाशिवाय माडी.


प्रिसिजनवाला

काका प्रिसिजन खेळतात का हे कुणी विचारलंच नाही. १९६९ मध्ये सी. सी. वेई यांच्या पद्धतीवर तैवान थेट जागतिक अंतिम सामन्यात गेलं, आणि आपल्याकडेही एका पिढीने तीच गिरवली. त्यात १६ च्या वरचा हात १ किलवरने उघडतो. म्हणजे १ इस्पिक आपोआप १५ च्या आत बांधलेलं. मग बर्गेनच्या बारीक पायऱ्यांची गरज बरीच कमी होते. १० ते १२ वाल्याला स्वतःलाच कळतं की स्लॅम नाही, तो हिंमत असेल तर थेट ४ म्हणतो, आणि समोरच्याला कळत नाही की हा ताकदीवर बोलला की थापेवर.


बिनहुकमी

बँकेच्या टीमकडून खेळताना प्रिसिजनच खेळायचे. माझ्यासाठी ते सोडून त्यांनी पाचपत्ती मेजर (इस्पिक किंवा बदाम उघडायला पाच पत्ते हवेत) आणि १५ ते १७ नो-ट्रंप शिकून घेतलं, सत्तरीत. त्यामुळे आता परत जा म्हणायला तोंड नाही.

पण माझा गुरुवारचा प्रश्न ४ बदामाचा आहे. १ बदामवर उडी मारायची तर २ इस्पिकपासून सुरुवात. १ इस्पिकवर उडी २ नो-ट्रंपपासून, आणि ३ बदाम अशी एक फुटकळ बोली मध्येच उरते. एकीकडे ३ इस्पिक स्प्लिंटर, दुसरीकडे बदामाचा स्प्लिंटर थेट ४ बदाम, जिथे तो खरोखरच्या बदामांशी भांडतो. दोन मेजरची रचना जुळतच नाही.


उतारी

जुळते. नावं विसरा, पायऱ्या मोजा.

१ बदामनंतर: १ इस्पिक ही पहिली पायरी, १ नो-ट्रंप दुसरी, २ किलवर तिसरी, असं चढत गेलात तर २ बदाम पाचवी, ३ बदाम दहावी, ४ बदाम पंधरावी. १ इस्पिकनंतर: १ नो-ट्रंप पहिली, २ किलवर दुसरी, पुढे २ इस्पिक पाचवी, ३ इस्पिक दहावी, ४ इस्पिक पंधरावी. दोन्ही जिने सारखेच पंधरा पायऱ्यांचे. फक्त पायऱ्यांवरची नावं एकेक घर सरकलेली.

आता तुमचा स्प्लिंटर अकराव्या पायरीवर ठेवा, म्हणजे आपल्या तिसऱ्या पातळीच्या हुकमाच्या लगेच वर. १ बदामवर ती ३ इस्पिक येते, १ इस्पिकवर ३ नो-ट्रंप. अर्थ एकच: कुठेतरी एकटा पत्ता आहे, चार हुकूम आहेत, गेमपुरती ताकद आहे. कुठे, ते सांगत नाही. पार्टनरला रस असेल तर तो पुढची पायरी बोलून विचारतो.

१ बदाम, ३ इस्पिक, ३ नो-ट्रंप हा प्रश्न. उत्तर ४ किलवर म्हणजे किलवरचा, ४ चौकट म्हणजे चौकटाचा, ४ बदाम म्हणजे उरलेला, इस्पिकचा.
१ इस्पिक, ३ नो-ट्रंप, ४ किलवर हा प्रश्न. उत्तर ४ चौकट म्हणजे चौकटाचा, ४ बदाम म्हणजे बदामाचा, ४ इस्पिक म्हणजे उरलेला, किलवरचा.

तीन शक्यता, तीन उत्तरं, आणि तिन्ही गेमच्या आत. यातली गंमत अशी की पार्टनरला रस नसेल तर तो सरळ गेम बोलून मोकळा होतो आणि एकटा पत्ता कुठे आहे हे समोरच्यांना कधीच कळत नाही. सांगलीकरांना फुकटचं डबल मिळत नाही. आणि तुमच्या काकांचे ४ बदाम परत काकांचे झाले. सात-आठ बदाम, खेळायचंय, पास करा.

पदरचं काय गेलं? १ इस्पिकवर ३ नो-ट्रंप ही सरळ बोली. ती तुम्ही शेवटची कधी बोलला होतात?


बिनहुकमी

आठवत नाही. म्हणजे खरंच आठवत नाही, वर्ष तरी झालं असेल. हे आवडलं.

मग बाकीच्याही उड्या पायऱ्यांनीच लावू का? सहावी जेकोबी, आठवी-नववी बर्गेन?


सांगलीकर

लावा आणि मग बघा. सहावी म्हणजे १ बदामवर २ इस्पिक, आणि १ इस्पिकवर २ नो-ट्रंप. म्हणजे १ बदामवर २ नो-ट्रंप आता वेगळंच काहीतरी. काका ३०-३५ वर्षांची सवय सोडून 'सातवी पायरी' म्हणत बसतील? कागदावर देखणी असते तीच रचना टेबलावर मान टाकते. पावसात, रात्री साडेदहाला, चोविसाव्या बोर्डावर जे आठवतं तीच तुमची सिस्टिम.

शिवाय २ इस्पिक ही सहा इस्पिकं आणि कमजोर हात दाखवायला फार कामाची. ती द्यायची नाही.


दुर्री

जोतिबाच्या पायऱ्या मोजून चढणारा माणूस कधी बघितलाय का? दर्शन होतंय, पायऱ्या राहू दे.


उतारी

सांगलीकरांशी सहमत. मी अकराव्या पायरीसाठीच आग्रह धरतोय, कारण अपघात तिथे झाला. जेकोबी आणि बर्गेन नावानेच राहू द्या.

फक्त दोन गोष्टी कागदावर लिहून टाका, कारण बहुतेक भांडणं तिथे होतात. समोरच्याने मध्ये तोंड घातलं तर काय? माझा सल्ला: डबल आलं की बर्गेन बंद, २ नो-ट्रंप म्हणजे १० च्या वरचा चांगला सपोर्ट. मध्ये रंग आला तरी बर्गेन बंद, त्यांच्या रंगाची बोली म्हणजे चांगला सपोर्ट. आणि आधी पास केलेल्या माणसाला काय? त्याला ड्रुरी, म्हणजे चांगला सपोर्ट सांगणारी कृत्रिम २ किलवर. त्याने कृत्रिम उड्या मारायच्या नाहीत. हे न ठरवता नुसती 'बर्गेन खेळतो' अशी मान डोलावणाऱ्या जोड्या मी भरपूर बघितल्यात, त्यात एकेकाळी मीही होतो.


मेंढीकोटवाली

एक शंका. पार्टनर विसरला आणि त्याने समोरच्यांना चुकीचा अर्थ सांगितला, तर तुम्ही तिथेच दुरुस्त करू शकता ना?


उतारी

नाही. चेहराही हलवायचा नाही. त्याचं उत्तर तुम्ही ऐकलंच नाही असं धरून बोलायचं, ती माहिती तुमच्यासाठी वर्ज्य. तुमची बाजू खेळणारी ठरली तर पहिली उतारी होण्याआधी तुम्ही समोरच्यांना सांगायचं की अर्थ चुकीचा सांगितला गेला. तुम्ही बचाव करणार असाल तर डाव संपल्यावर. आणि टेबलावर स्वतःचा कागद उघडून बघता येत नाही, विरोधक तुमचा बघू शकतात. हे लोकांना अन्याय वाटतो, पण तसंच आहे.

(२०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत सुवर्ण आणलं, तेव्हा आमच्या घरी पाहुणे विचारत होते, पत्त्यांना पदक? त्यांना मी हा नियम सांगितला. साठीच्या माणसाने दिवसभर हे सगळं डोक्यात ठेवायचं आणि चेहरा कोरा. पाहुणे गप्प झाले.)


बिनहुकमी

रविवारी काकांच्या घरी बैठक झाली. काकूंनी कांदाभजी दिली आणि कागदाला तेल लागलं, त्यामुळे ही प्रत अधिकृत समजावी.

३ किलवर, ३ चौकट, २ नो-ट्रंप जसंच्या तसं. अकरावी पायरी मंजूर, पण काकांनी दोनदा विचारलं, "म्हणजे ३ नो-ट्रंप आता नो-ट्रंप नाही?" १ बदामवर २ इस्पिक कमजोर, सहा पत्ते. १ इस्पिकवर ४ बदाम = बदाम. हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात, दोन रेघा मारून लिहिलंय.

अकरावीमुळे ४ किलवर आणि ४ चौकट मोकळ्या झाल्या. त्या रंगात एकही पत्ता नाही असा अर्थ मी सुचवला. काका म्हणाले, पान संपलं. पान संपलं नव्हतं, अजून चार बोटं जागा होती.

राहिली १ इस्पिकवर ३ बदाम. मी तीन पर्याय मांडले: सहा बदाम आणि १० ते ११ पॉइंट, तीन हुकमांचा चांगला सपोर्ट, किंवा आणखी एक प्रकारचा बर्गेन. काकांनी तिन्ही ऐकून घेतले आणि त्या ओळीपुढे फुली मारली. "ही रिकामी. कधी तू ३ बदाम बोललास तर मला कळेल की तू विसरलायस." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.


सांगलीकर

फुलीवाली बोली पहिल्यांदाच ऐकली. चोरतोय.


प्रिसिजनवाला

माझी पैज, पहिल्याच आठवड्यात काका ३ नो-ट्रंप पास करणार.


दुर्री

पैजेला माझ्याकडून एक मिसळ. कट एक्स्ट्रा.


बिनहुकमी

गुरुवारचा वृत्तांत. पाऊस उघडलाय, चार टेबलं.

एकोणिसावा बोर्ड. काकांनी १ इस्पिक उघडलं. माझ्याकडे इस्पिक राणी, ८, ७, २. बदाम राजा, गुलाम, ६, ५. चौकट एक्का, राणी, ७, ४. आणि किलवरची एकटी नव्वी. १२ पॉइंट. हात बघितल्यावर पहिल्यांदा घशाला कोरड पडली. स्टॉप कार्ड ठेवलं, ३ नो-ट्रंप बोललो. काकांनी अलर्ट केलं नाही, म्हणजे 'ही बोली कृत्रिम आहे' असं समोरच्यांना सुचवलं नाही. माझ्या पोटात गोळा.

डावीकडच्या बाईंनी नियमाप्रमाणे दहा सेकंद घेतली आणि विचारलं, "याचा अर्थ?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचा डावा हात टेबलाखाली होता, पण खांदा हलताना दिसत होता. अंगठा पेरांवरून फिरत असणार. मी छताकडे बघत बसलो, बघायचंच नाही असा नियम नसला तरी. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "अलर्ट. उशीर झाला, माफ करा. चार इस्पिक आहेत त्याच्याकडे, गेमची ताकद आहे आणि कुठल्यातरी एका रंगात एकच पत्ता आहे. कुठल्या, ते मलाही अजून कळलेलं नाही."

बाई हसल्या आणि पास म्हणाल्या. काकांनी ४ किलवर. मी ४ इस्पिक, म्हणजे एकटा पत्ता किलवरचा. काकांनी ताबडतोब पास.

डमी म्हणून माझे पत्ते खाली ठेवले आणि उठून त्यांच्या मागे गेलो. इस्पिक एक्का, राजा, ९, ६, ५. बदाम ८, ४. चौकट गुलाम, ६, ३. किलवर राजा, राणी, गुलाम. पॉइंट १४. दोघांचे मिळून परत २६, त्या दिवशीइतकेच. फक्त या वेळी सहा पॉइंट माझ्या नव्वीसमोर वाया. बरोबर दहा हात झाले, त्यात किलवरचा एक्का, बदामाचा एक आणि चौकटाचा राजा समोरच्यांना.

चारही टेबलांवर ४ इस्पिक, दहा हात. सगळ्यांना सारखे मार्क.


उतारी

त्या १४ वर त्यांनी विचारायलाच नको होतं. स्लॅमचा संबंध नाही, थेट ४ इस्पिक बोलले असते तर एकटा पत्ता किलवरचा आहे हे समोरच्यांना बोलीत कळलं नसतं.


बिनहुकमी

हे मी त्यांना जिन्यात सांगितलं. म्हणाले, "नवीन आणलेली वस्तू आहे, चालते का बघायला नको?"

मी म्हटलं, काका, एवढा आठवडाभर खटाटोप करून आपल्याला सरासरीच मिळाली.

छत्री झटकत म्हणाले, "असू दे. आज हुकूम इस्पिक होते."


दुर्री

प्रिसिजनवाले, मिसळ कुठं? पत्ता पाठवतो.